शिंदळ माकुडी : कुंडीत सुखरूप, कड्यावर संकटात

मांसल खोडांची झाडं हौसेनं वाढवणाऱ्यांना शिंदळ माकुडी अवघड वाटत नाही. बोटाएवढं कांडं, जखम वाळेपर्यंत दोन-चार दिवसांची सावली आणि पाणी साचू न देणारी मुरमाड माती एवढ्यावर ती मुळं धरते. युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांकडे ती आहे, वनस्पती उद्यानांच्या काचघरांत आहे, आपल्याकडच्या काही रोपवाटिकांतही आहे. निसर्गात मात्र ही वनस्पती साऱ्या जगात फक्त महाराष्ट्रात उगवते, आणि तीही सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरकड्यांच्या कपारींत. फ्रेरिया इंडिका हे तिचं जुनं आणि अजूनही जास्त रुळलेलं शास्त्रीय नाव. अलीकडे जुन्नरकडे तिला शिवसुमन म्हणू लागले आहेत.

कुंडीत इतक्या सहज वाढणारी वनस्पती रानात इतकी विरळ का, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगते. शिंदळ माकुडीच्या संवर्धनाची चर्चा निघाली की रोपं किती तयार केली आणि किती लावली याचे आकडे पुढे येतात. कड्यावर बी पडून, कुणी हात न लावता उगवलेली नवी रोपं किती, हे फारसं कुणी विचारत नाही. तिचं भवितव्य मात्र त्यावरच ठरणार आहे.

जुन्नरची वनस्पती

१८६० च्या दशकात निकोल अलेक्झांडर डालझेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातला हा अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्याबरोबर त्यानं लिहिलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १८६१ मध्येच निघाली होती. शिंदळ माकुडीचा नमुना जुन्नर परिसरातला होता. नाव दिलं गेलं ते तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं. हेच फ्रेअर त्याआधी साताऱ्यात कंपनी सरकारचे अधिकारी होते, आणि मुंबईच्या जुन्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्याही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांचं नाव मिळालेली वनस्पती पुढे किल्ल्यांच्या कड्यांच्या आधारानंच टिकून राहिली.

शिवनेरी, पुरंदर आणि त्याला लागून असलेला वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वरचे कडे, शिवथरघळ, भंडारदऱ्याजवळचं रंधा या ठिकाणांच्या नोंदी वनस्पतिशास्त्रीय लेखनात आहेत. ही नावं वर्षानुवर्षं छापली जात आहेत, म्हणून इथं दिली. कुठल्या वाटेवर, कुठल्या बुरुजाखाली, कुठल्या घळीत हे मात्र लिहिणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनीही फोटोसोबत ठिकाणाचा नकाशा टाकू नये अशी विनंती आहे. मोबाइलमधल्या फोटोला ठिकाण आपोआप चिकटतं, तेही काढून टाकावं.

कुळ रुई-मांदाराचं. आता ते कण्हेर-करवंदाच्या मोठ्या कुळात धरतात. याच गोतावळ्यात माकडशिंगासारख्या काटेविरहित, मांसल खोडांच्या वनस्पती येतात. माकडशिंगाची कोवळी खोडं गुराखी पोरं कच्ची खातात, काही घरांत त्यांचं लोणचंही होतं. या साऱ्या नातेवाइकांची पानं झडून-आटून खवल्यापुरती उरली आहेत. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली बोटभर लांबीची, जाडसर, हिरवी पानं येतात. या वेगळेपणामुळेच ती दीर्घकाळ आपल्या प्रजातीतली (म्हणजे जीनसमधली) एकुलती एक जाती मानली गेली. पुढे रेणवीय, म्हणजे डीएनएवर आधारलेले, अभ्यास झाले आणि आता बरेच वर्गीकरणतज्ज्ञ तिला बौसेरोसिया या प्रजातीत घालतात. नाव बदललं म्हणून तिचं महत्त्व कमी होत नाही. उलट, पानं टाकून दिलेल्या कुळशाखेत हिच्याकडेच ती कशी, हा प्रश्न त्यामुळे आणखी रंजक होतो.

उन्हाळ्यात खोड, पावसाळ्यात पान

मे महिन्यात ही वनस्पती शोधायला गेलात तर हाताशी असूनही दिसणार नाही. कपारीतून लोंबणारी राखाडी-हिरवट, सुरकुतलेली, बोटाच्या जाडीची कांडी, त्यावर पान नाही की फूल नाही. वाळलेल्या मुळ्या समजून नजर पुढे सरकते. जूनचा पाऊस लागला की तीच कांडी फुगतात, तुकतुकीत होतात आणि टोकांकडून पानं फुटू लागतात. श्रावणात तो झुबका इतका हिरवा असतो की दोन महिन्यांपूर्वी पाहिलेली वनस्पती हीच, यावर विश्वास बसत नाही.

या दोन रूपांमागचं गणित १९७७ मध्ये ओ. एल. लांगे आणि एम. झुबर या शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवलं. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यात पाणीही उडतं, पण पाणी मुबलक असेल तर ते परवडतं. निवडुंगासारख्या वनस्पती उलट करतात. रात्रीच्या गारव्यात रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा रंध्रं मिटून त्या साठ्यावर अन्न बनवायचं. वाढ सावकाश, पण पाण्याची नासाडी नाही. शिंदळ माकुडीत या दोन्ही रीती एकत्र नांदतात. तिचं खोड निवडुंगाच्या रीतीनं चालतं आणि पानं साध्या झाडाच्या. पाऊस आहे तोवर पानांनी भराभर कमाई करायची, पाऊस गेला की पानं गाळून खोडावर आठ महिने काढायचे. एकाच रोपात अशी सोय असणं वनस्पतिजगात विरळच.

हे नुसतं कौतुकाचं नाही, धोका समजून घ्यायलाही ते लागतं. वर्षभराची वाढ, फुलं, बी यांची बहुतेक कमाई पानांच्या तीन-चार महिन्यांत होते. त्याच काळात शेळीनं एकदा पाला ओरबाडला तर रोप मरत नाही, कारण खोड उरतं, पण त्या वर्षीचं फूल आणि बी जातं. असं चार-पाच वर्षं लागोपाठ झालं तर रोप जिवंत दिसत राहतं आणि त्याला पिल्लू मात्र एकही नसतं. गणनेत ते रोप ‘आहे’ म्हणूनच नोंदवलं जातं.

कडाच का

सह्याद्रीचे कडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. एकावर एक पसरलेल्या या थरांच्या सांध्यांत आडव्या खाचा पडतात, उभ्या भेगा त्यांना छेदतात आणि जिथं दोन्ही मिळतात तिथं मूठभर माती साठते. शिंदळ माकुडीचं घर म्हणजे ही मूठभर माती.

तिच्या ठिकाणांच्या यादीकडे पाहिलं तर एक गोष्ट खटकते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जुन्नर-पुरंदरकडे त्याच्या तुलनेत फारच कमी. मग ती ओल्या प्रदेशातली म्हणायची की कोरड्या? माझ्या समजुतीनं पावसाचं प्रमाण इथं फारसं निर्णायक नाही. कडा उभा असला की पडलेलं पाणी तासाभरात निथळून जातं. सपाट जागी इतक्या पावसात तिची मुळं कुजतील. शिवाय सपाट जागी मातीचा थर जाड असला की गवत, कारवी, करवंदीच्या जाळ्या जागा बळकावतात. त्यांच्या सावलीत, त्यांच्या मुळांच्या गर्दीत या हळू वाढणाऱ्या वनस्पतीचा निभाव लागत नाही. जिथं दुसरं कुणी जगू शकत नाही तिथं ती जगते. त्याची किंमत अशी की असे कडे एकमेकांपासून कित्येक मैल दूर आहेत आणि मधल्या शेतांतून, गावांतून, पठारांवरून तिला चालत जाता येत नाही.

फूल आणि माशी

पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलं येतात. लहानसं, पसरट, पाच टोकांचं चांदणीसारखं फूल, दीड-दोन सेंटिमीटर रुंद. रंग गडद तांबूस-तपकिरी, पिकलेल्या करवंदाकडे झुकणारा, त्यावर पिवळ्या खुणा, पाकळ्यांच्या कडांना बारीक केसांची झालर. वारा आला की ते केस थरथरतात. सुंदर फूल आहे, पण त्याचा वास नाकाशी नेऊन घेण्यासारखा नाही, कारण हे निमंत्रण माशांसाठी आहे, मधमाश्या-फुलपाखरांसाठी नाही.

माशी फुलाच्या मधोमध उतरते, तिथला गोडवा हुंगत सोंड किंवा पाय एका अरुंद खाचेत घालते. बाहेर ओढताना एक सूक्ष्म चिमटा अडकतो आणि त्याला जोडलेले परागांचे दोन पुंज तिच्याबरोबर बाहेर निघतात. रुईच्या फुलातही हीच यंत्रणा असते. घरामागची रुई भिंगातून पाहिली तर पाहता येईल. या कुळात पराग सुटे उधळले जात नाहीत, जोडीनं गठ्ठ्यात जातात. म्हणजे एका माशीनं एक जोडी नेली की ती अचूक दुसऱ्या फुलाच्या तशाच खाचेत पोहोचली पाहिजे. नाही पोहोचली तर सारा डाव फुकट. फुलं भरपूर आणि शेंगा मोजक्या, हे चित्र या कुळात नेहमीचंच आहे.

शेंगा जोडीनं येतात, वाळल्या की उकलतात आणि रुईच्या म्हातारीसारखं रेशमी केसांचा झुबका लावलेलं बी वाऱ्यावर निघतं. ते कड्याच्या भेगेत, तेही माती असलेल्या भेगेत अडकायला हवं. उरलेलं सगळं खाली दरीत, पठारावर, शेतात पडतं आणि वाया जातं. अडकलेल्या बियाला पाऊस संपायच्या आत इतपत खोड करावं लागतं की पहिला उन्हाळा निभेल.

आता एखाद्या कड्यावर पाच-दहा रोपंच उरली असतील आणि ती एकमेकांपासून पन्नास-शंभर पावलांवर असतील, तर माशी एका फुलावरून दुसऱ्या रोपाच्या फुलावर जाण्याची शक्यता किती राहील याचा विचार करा. संख्या एका मर्यादेखाली गेली की रोपं जिवंत असूनही जाती थांबते. मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा धोका हा वाटतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

दिसणारे धोके

चराईबद्दल वर आलंच. गुरं कड्यावर जात नाहीत, शेळ्या जातात. काटे नाहीत, मांसल रसाळ खोड आहे, उन्हाळ्यात आजूबाजूला दुसरं हिरवं काही नाही. शेळी तोंड लावणारच. यात शेळीवाल्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याचा उन्हाळा त्या शेळ्यांवर निघतो. जिथं निवडुंगाचं काटेरी झुडूप आड येतं किंवा कपार शेळीच्या उडीबाहेर असते, तिथं रोप वाचतं.

वणवे दरवर्षीचे. माघ-फाल्गुनात डोंगरउताराचं गवत पेटतं, काही ठिकाणी पेटवलं जातं, पुढच्या पावसात कोवळं गवत चांगलं येतं या समजुतीनं. आगीची धग कड्याच्या पायथ्यापर्यंत, आणि फटींत वाळकं गवत असलं तर वरपर्यंतही जाते. पाणी आटून सुकलेल्या खोडाला ही धग सोसत नाही.

दरडी तर कड्याच्या स्वभावातच आहेत. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं तो आंबेगाव तालुका जुन्नरला लागूनच आहे. माणसांच्या त्या दुःखापुढे वनस्पतीचं नाव काढणंही अवघड जातं, पण भूगोल एकच आहे. दरड कोसळणं ही नैसर्गिक गोष्ट. शंभर कपारींत रोपं असती तर पाच गेल्यानं बिघडलं नसतं. पाचच कपारींत उरली असतील तर एका पावसाळ्यात सगळं संपतं. रस्त्यासाठी, वाहनतळासाठी डोंगराच्या पायथ्याला सुरुंग लावला की ही शक्यता वाढते.

गोळा करणारे. मांसल वनस्पतींचा शौक जगभर आहे आणि दुर्मीळ हा शब्द लागला की मागणी वाढते. भारत सरकारनं निर्यातीला बंदी घातलेल्या २९ वनस्पतींच्या यादीत शिंदळ माकुडी आहे, तिची दूरची भावंडं असलेली सगळी कंदीलपुष्पंही आहेत. ही यादी उपयोगी आहे, पण ती बंदरावर आणि विमानतळावर चालते. कड्यावरून कांडं तोडून पिशवीत टाकणाऱ्याला ती अडवत नाही. घरी कुंडीत लावण्यासाठी एक तुकडा तोडणारा माणूस स्वतःला चोर मानतही नाही. रोपवाटिकेतलं रोप मिळत असताना कड्यावरचं तोडण्याला मात्र कुठलंच कारण उरत नाही.

किल्ल्याची साफसफाई

एका धोक्याविषयी फारसं बोललं जात नाही. तो चांगल्या हेतूनं येतो, म्हणून त्यावर थोडं थांबते.

गेल्या काही वर्षांत दुर्गसंवर्धनाचं काम महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं आहे. सुट्टीच्या दिवशी तरुण मुलं-मुली पहाटे गडावर जातात, टाक्यांतला गाळ काढतात, तटबंदीत घुसलेली वड-पिंपळाची मुळं काढतात, बुरुजांवरची झाडी साफ करतात. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तटाच्या सांध्यात पिंपळ वाढू दिला तर चिरा निखळतोच.

अडचण वेळापत्रकात आहे. साफसफाई पावसाळ्यात करता येत नाही. ती होते जानेवारी ते मे दरम्यान. आणि नेमक्या याच काळात शिंदळ माकुडी ओळखता येत नाही. पानं नाहीत, फूल नाही, आहे ती फक्त सुरकुतलेली राखाडी कांडी. कोयता हातात असलेल्या माणसाला ती वाळकी काटकी वाटणार आणि ती निघून जाणार. पुढच्या पावसात तिथं काही उगवलं नाही तर कुणाला उणीवही भासणार नाही, कारण ती तिथं होती हेच ठाऊक नव्हतं. तणनाशक वापरलं तर आणखी वाईट, कारण ते भेगेतली मूठभर मातीही निरुपयोगी करतं.

यावरचा उपाय स्वस्त आहे. भाद्रपद-आश्विनात, फुलं असताना, एखादा वनस्पती जाणणारा माणूस सोबत घेऊन दुर्बिणीनं कडा आणि तट पाहायचा. जिथं रोपं दिसतील त्या जागा मोहिमेच्या प्रमुखाकडच्या नकाशावर नोंदवायच्या. उन्हाळ्यात काम करताना त्या जागांना हात लावायचा नाही. दोरावरून उतरून कड्यावरची झाडी काढणाऱ्या गिर्यारोहकांना तर ही माहिती आधी दिली पाहिजे, कारण इतर कुणाचा हात पोहोचत नाही तिथं त्यांचा पोहोचतो. हेच लोक उद्या या वनस्पतीचे सर्वांत चांगले निरीक्षकही होऊ शकतात. अभ्यासकाला जी कपार खालून फक्त दुर्बिणीत दिसते, ती त्यांना हातभर अंतरावरून पाहता येते.

वृक्षलागवडीचंही असंच. गडाच्या उतारावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावणं, कड्यावरून बियांचे गोळे फेकणं यामागची तळमळ खरी असते. पण उघडा कडा हा उजाड कडा नसतो. तो स्वतःच एक परिसंस्था आहे आणि तिथली कितीतरी मंडळी सावली आली की हटतात. घाणेरी आणि रानमोडी आपणहून पसरत आहेतच, त्यांना काढायला माणसं लागतात. मनुष्यबळ तिकडे वळवलं तर गडाचंही भलं होईल.

आजवर काय झालं

रोपं तयार करण्याच्या बाबतीत आपण कमी पडलेलो नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागानं ही वनस्पती जोपासली आहे. सातारा जिल्ह्यात शिंदेवाडी इथल्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रानं तिची रोपं वाढवली आणि मूळ अधिवासात पुन्हा लावण्याचे प्रयत्न केले. प्रयोगशाळांत ऊतीसंवर्धनानं (टिश्यू कल्चरनं) तिची रोपं करण्याच्या पद्धती प्रसिद्ध झाल्या आहेत. जुन्नर परिसरातल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी तिच्याबद्दल गावोगाव सांगितलं आहे. जातीचा दोर पूर्ण तुटू नये म्हणून हे सगळं लागतंच. उद्या एखादा कडा कोसळला तर त्या कड्याचा वारसा कुठंतरी शिल्लक असेल.

पण एका रोपाच्या कांड्यांपासून केलेली हजार रोपं ही वारशाच्या हिशेबात एकच रोप असतात. त्यांच्यातला रोगप्रतिकार, उष्णता सोसण्याची ताकद, सगळं सारखं. पुरंदरच्या कड्यावरची रोपं आणि शिवनेरीच्या कड्यावरची रोपं बहुधा हजारो वर्षं एकमेकांपासून तुटून राहिलेली आहेत. त्यांच्यात काय फरक साठला आहे तो आपण एकत्र कालवून टाकता कामा नये. परदेशी संग्राहकांकडच्या काही रोपांत जवळच्या जातींशी संकरही झालेले आहेत. मूळ ठिकाणाची चिठ्ठी नसलेलं असं रोप खिडकीत शोभतं, पण ते परत सह्याद्रीच्या कड्यावर नेऊन लावणं धोक्याचं आहे.

म्हणून रोपवाटिका चालवणाऱ्या संस्थांकडून मागायला हवं ते असं : प्रत्येक कड्याची वेगळी रांग, प्रत्येक मातृरोपाला वेगळा क्रमांक, कांड्यांबरोबर बियांपासूनही रोपं, आणि परत लावताना त्याच कड्याची रोपं त्याच कड्यावर. लावल्यानंतर पहिल्या वर्षीचा फोटो सगळे काढतात. पाचव्या आणि दहाव्या वर्षी काय झालं ते लिहून ठेवलं गेलं पाहिजे, अपयशासकट. किंबहुना अपयशाची नोंद जास्त मोलाची.

शिवनेरीपुढचा काळ

ज्या तालुक्यातून ही वनस्पती विज्ञानाला कळली, तिथं पुढची काही वर्षं मोठ्या बदलांची आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावानं १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यात शिवनेरी आहे. शिवरायांचं जन्मस्थान म्हणून तिथं आधीच मोठी गर्दी असते, ती आता वाढणार. पायऱ्या, कठडे, दिवे, स्वच्छतागृहं, वाहनतळ, कदाचित कडा बांधून काढण्याची कामं. यातलं बरंचसं आवश्यकही आहे.

वारसा म्हणून जे नोंदलं गेलं त्यात भूप्रदेश हा शब्द आहे. गडाची ताकद त्याच्या दरवाजांइतकीच त्याच्या कड्यांत होती, आणि शिवनेरीच्या कड्यांत तर त्याआधीपासून बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. त्या कड्यावरची वनस्पती वारशाबाहेरची कशी ठरेल? पुरातत्त्व खात्याकडे दगडांची बारकाईनं नोंद असते. प्रत्येक दुरुस्तीच्या आराखड्यात कड्यावरच्या दुर्मीळ वनस्पतींचं एक पान जोडणं हे फार मोठं मागणं नाही. ज्या भेगेत शिंदळ माकुडी आहे तिथं सिमेंटचा गिलावा भरायचा नाही, एवढी एक ओळ निविदेत असली तरी पुष्कळ फरक पडेल. पुरंदर-वज्रगडाकडे लष्कराचा वावर असल्यानं येण्याजाण्यावर बंधनं आहेत. तिथल्या कड्यांवर काय स्थिती आहे आणि खुल्या गडांवर काय, याची तुलना केली तर माणसांच्या वर्दळीचा नेमका परिणाम किती हे कळू शकेल. सज्जनगड, शिवथरघळ इथं येणारा माणूस श्रद्धेनं येतो. त्याला वाटेवर एक साधा फलक लावून सांगितलं तर तो ऐकेल असा माझा विश्वास आहे. फलकावर फूल दाखवावं, जागा दाखवू नये.

कायद्यानं गावालाही एक हत्यार दिलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही कुणा एजन्सीकडून भरून कपाटात ठेवलेली असते. गडाच्या पायथ्याच्या गावांनी ती बाहेर काढावी, शेळीवाल्यांना आणि गुराख्यांना विचारून भरावी. कुठल्या कपारीत ती आहे हे शास्त्रज्ञांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. मग ठरावीक दोन-तीन घळी श्रावण ते कार्तिक चराईला बंद ठेवायच्या, त्या बदल्यात पायथ्याच्या गायरानात चाऱ्याची सोय करायची, वणव्याच्या आधी कड्याखाली जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी गवत नसलेली पट्टी, काढायची, हे निर्णय गावच घेऊ शकतं. बाहेरच्यानं आदेश काढून ते होत नाही. जाळरेषेचं काम रोजगार हमीत बसवता येतं, म्हणजे गावाला मजुरीही मिळते.

आणि दरवर्षी एक मोजणी. पानं असताना, दुर्बिणीतून, त्याच जागांवरून, शक्यतो त्याच माणसांनी. मोठी रोपं वेगळी, शेंगा धरलेली वेगळी आणि बोटाच्या पेराएवढी नवी रोपं वेगळी. हा तिसरा रकाना वर्षानुवर्षं कोरा राहत असेल तर कड्यावरची रोपं म्हातारी होत आहेत एवढं निश्चित समजावं. मग मात्र हातानं परागण करून बी धरायला लावण्याचा विचार करावा लागेल. एका रोपाच्या फुलातले परागपुंज बारीक सुईनं काढून त्याच कड्यावरच्या दुसऱ्या रोपाच्या फुलात बसवायचे. काम नाजूक आहे, दोरावर लोंबकळत करायचं आहे, आणि फुलांचा हंगाम सरायच्या आत उरकायचं आहे. वनस्पती जाणणारे आणि कडा जाणणारे असे दोघं एकाच दोरावर हवेत. दोन्ही प्रकारची माणसं जुन्नरात आहेत.